मदत हवी आहे: दह्याला तार सुटतेय, विरजण बदलू की टाकून देऊ?

नमस्कार मंडळी. पंधरा दिवसांपासून आमच्या दह्याला तार सुटतेय. चमचा उचलला की लाळेसारखा धागा वीतभर लांबतो. वास चांगला, चवही नेहमीचीच, फक्त आंबटपणा कमी.

काळजी आईची आहे. तिला नुकताच टायफॉइड होऊन गेला. सात दिवस अँटिबायोटिक चालू होतं. ते आजाराच्या जंतूंसोबत पोटातले उपयोगी जीवाणूही मारतं, म्हणून डॉक्टरांनी रोज ताजं दही द्यायला सांगितलंय. आणि नेमकं आत्ताच दही असं लागतंय!

मी वाचलंय ते असं: विरजणातले जीवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, त्यामुळे दूध घट्ट होतं. त्यांच्यातलेच काही चिकट पदार्थही तयार करतात आणि तो अपायकारक नसतो. पण बाहेरचे नको ते जीवाणू शिरले तरी दूध चिकट होऊ शकतं. मग घरच्या घरी ओळखायचं कसं? गुलाबी-नारिंगी डाग किंवा बुरशी असती तर सरळ फेकलं असतं. तसं काहीच नाही.

दूध उकळून, बोटाला सोसवेल इतकं कोमट करून विरजते. विरजण मात्र चार महिने तेच चाललंय. सध्या पावसाळी हवेमुळे दही लागायला दहा-बारा तास लागतात. हेच कारण असेल का?

हिरव्या मिरचीच्या देठांवर नवं विरजण कुणी केलंय का? आईसाठी ते चालेल, की डेअरीतून पाश्चराइज्ड दुधाचं दही आणून त्याचंच विरजण लावू? तोवर तिला हे दही देणं थांबवलंय.