फोकस स्टॅक (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एकच शार्प फोटो) केल्यावर रॉबर फ्लायच्या मिशा डबल येतायत, काय चुकतंय?

नाकतोडा७
मंडळी, फुल फ्रेम बॉडी, १०० एमएम मॅक्रो, १:१ ला (सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढाच पडतो) रॉबर फ्लाय या शिकारी माशीचा चेहरा काढतोय. ट्रायपॉड आहे, फोकस ब्रॅकेटिंगने (दर फोटोला कॅमेराच फोकस थोडा थोडा सरकवतो) ४० फ्रेम, एफ ५.६. डोळे एकदम कडक आलेत, पण मिशा (अँटेना) दोनाच्या चार झाल्यात आणि तोंडावरच्या केसांभोवती धुरकट कड दिसते. फोटोशॉपमध्ये ऑटो अलाइन, ऑटो ब्लेंड केलं. मित्र म्हणतो एवढा उपद्व्याप कशाला, एफ २२ लाव आणि एकच फोटो काढ.

काडीपैलवान
मित्राला सांग १:१ ला एफ २२ म्हणजे प्रत्यक्षात एफ ४४ च्या आसपास जातं, डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) सगळंच मऊ पडणार, आणि एवढं करून डेप्थ (शार्प दिसणारा पट्टा) मिळणार जेमतेम अडीच मिलिमीटर. त्यापेक्षा स्टॅक बरा.

पण ४० फ्रेम कशाला रे? एफ ५.६ ला १:१ वर एका फ्रेमची डेप्थ साधारण ०.६५ मिमी. मिशीच्या टोकापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत ५-६ मिमी धर, ३० टक्के ओव्हरलॅप ठेव, १२-१३ फ्रेममध्ये काम होतं, अगदी काटेकोर राहायचं म्हटलं तरी २०. जिवंत माशी आहे ती, आणि रॉबर फ्लाय तर बसल्या बसल्या सारखी मुंडी फिरवून शिकार शोधत असते, जितका वेळ लावशील तितकी हलणार. स्टेप वाढव, फ्रेम कमी कर. आणि भल्या पहाटे जा, अंगावर दव असतं तोवर गार पडलेली असते, ऊन लागलं की संपलं.

काचेचा_डोळा
वरचं बरोबर, पण यात दोन वेगळे लोचे आहेत. डबल मिशी म्हणजे माशी हलली. केसांभोवतीची कड मात्र माशी दगडासारखी बसली असती तरी आली असती, कारण पुढचा केस आऊट ऑफ फोकस झाला की फुगतो आणि मागच्या शार्प भागाचा काठ खातो.

फोटोशॉप इथे कच्चं पडतं. झिरीन स्टॅकर नाहीतर हेलिकॉन फोकस ही खास स्टॅकिंगची सॉफ्टवेअर बघ, दोन्हीची ट्रायल मिळते. झिरीनमध्ये पीमॅक्स आणि डीमॅप अशा दोन मेथड आहेत. एकमेकांवरून गेलेले केस, मिशा, पायाचे काटे यांना पीमॅक्स भारी, पण तो नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढवतो म्हणून आयएसओ खाली ठेवायचा. डीमॅप रंग आणि गुळगुळीत भाग छान ठेवतो, केसांत मात्र गडबडतो. मी दोन्ही काढते, डीमॅपचं आउटपुट खाली ठेवून त्यावर फक्त केसाळ भाग पीमॅक्समधून रिटच ब्रशने रंगवते. कंटाळवाणं काम आहे पण शॉर्टकट नाही.

आत्ताचा स्टॅक फेकू नकोस. फ्रेम एकामागून एक पळवून बघ, मिशी नेमकी कुठे उडी मारते ते दिसेल. त्याच्या आधीच्या ६-८ फ्रेमचा वेगळा छोटा स्टॅक कर आणि तेवढी मिशी त्यातून घे.

हातानेच
ट्रायपॉडवाल्यांनो, तुमचे पाय उघडेपर्यंत माझी माशी उडालेली असते 😄 मी डाव्या हातात माशी बसलेली काडी धरतो, त्याच हातावर लेन्स टेकवतो म्हणजे वाऱ्याने हललं तरी दोघं बरोबर हलतात, आणि श्वास रोखून हळूच पुढे सरकत ८-१० फ्रेम. फ्लॅश कमी पॉवरवर, पुढे मोठा डिफ्यूजर. पॉवर कमी असली की फ्लॅशचा झोत अगदी क्षणभराचा असतो, हालचाल गोठते आणि रिसायकलही पटकन होतं. फक्त ब्रॅकेटिंग लावताना बघा, बऱ्याच कॅमेऱ्यांत ते इलेक्ट्रॉनिक शटरवर चालतं आणि तिथे फ्लॅश पेटतच नाही.

नाकतोडा७
सापडलं! ११ व्या फ्रेमला मिशी सरकलीये, मागच्या वीसेक फ्रेम तर नुसत्या बॅकग्राउंडच्या. एक विचारू का, फ्रिजमध्ये थोडा वेळ ठेवून गार केली तर? आणि फोकसिंग रेल (अख्खा कॅमेरा किंचित किंचित पुढे-मागे सरकवणारी पट्टी) घेऊ का?

काचेचा_डोळा
फ्रिज अजिबात नाही. गारठवलेला किडा पाय आखडून बसतो, बघणाऱ्याला लगेच कळतं, आणि फोटोसाठी त्याला छळायचं कशाला.

काडीपैलवान
+१. रेलवर आत्ता पैसे घालू नकोस, १:१ पर्यंत लेन्सची फोकस मोटर पुरते. २एक्सच्या पुढे गेलास की मग रेल.