जलवाहिन्यांचा नकाशा एक, बदल करणारे दहा-बारा: व्हर्जनिंग कोणतं घ्यावं?

जलरेषा (धागाकर्ती)

आमच्या शहराचा पाणीपुरवठ्याचा नकाशा एकाच डेटाबेसमध्ये आहे. जलवाहिन्या, व्हॉल्व्ह, नळजोडण्या, सगळं तिथेच. वेगवेगळ्या प्रभागांतले दहा-बारा जण त्यात एकाच वेळी बदल करतात. आजवर आर्कजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरचं पारंपरिक व्हर्जनिंग वापरलं. व्हर्जनिंग म्हणजे प्रत्येकाने डेटाच्या वेगळ्या आवृत्तीत बदल करायचे आणि नंतर ते मुख्य आवृत्तीत, म्हणजे डिफॉल्टमध्ये, मिळवायचे. माझं ठाम मत असं की आता त्याच सॉफ्टवेअरमधल्या नव्या पद्धतीवर, ब्रँच व्हर्जनिंगवर, जायला हवं.

पारंपरिक पद्धतीत बदल मूळ तक्त्यात लगेच जात नाहीत. नवी नोंद ‘ए’ तक्त्यात, खोडलेली ‘डी’ तक्त्यात आणि सुधारलेली दोन्हीकडे. नकाशा उघडला की डेटाबेस हे तिन्ही तक्ते जुळवून त्या आवृत्तीचं चित्र उभं करतो. तक्ते फुगले की कम्प्रेस चालवायचं, म्हणजे नको असलेल्या जुन्या अवस्था काढून तक्ते आटोपशीर करायचे. पण कुणाची एखादी आवृत्ती रिकन्साइल न होता (डिफॉल्टशी ताडून न पाहता) पडून राहिली, तर ती जुन्या अवस्था धरून ठेवते. मग कम्प्रेस रोज चालवलं तरी फारसं काही हलत नाही आणि नकाशा सगळ्यांसाठीच मंदावतो.

आर्कजीआयएस एंटरप्राइझ (त्याचा सर्व्हरवरचा भाग) १०.६ पासून, म्हणजे २०१८ पासून, मिळणाऱ्या ब्रँच पद्धतीत जुनी ओळ तशीच राहते. प्रत्येक बदलाची नवी ओळ पडते आणि तिच्यावर वेळ व ब्रँचचा, म्हणजे त्या आवृत्तीचा, क्रमांक असतो. त्यामुळे कम्प्रेस लागत नाही, इतिहासही आपोआप जमतो. आणि पुढचा रस्ता तोच आहे. आर्कमॅप या जुन्या डेस्कटॉप प्रोग्रॅमचा आधार १ मार्च २०२६ ला संपला. वाहिन्या-व्हॉल्व्ह एकमेकांना कसे जोडलेत ते सांभाळणारं जुनं जिओमेट्रिक नेटवर्क आर्कमॅपच्या जागी आलेल्या आर्कजीआयएस प्रोमध्ये फक्त बघता येतं, बदलता येत नाही. त्याच्या जागी आलेलं युटिलिटी नेटवर्क सामायिक डेटाबेसवर ब्रँच व्हर्जनिंगशिवाय वापरता येत नाही.

सर्व्हरखोली

असहमत. कम्प्रेसचं दुखणं शिस्तीने बरं होतं. रोज रात्री सगळ्या आवृत्त्या डिफॉल्टशी रिकन्साइल करा, काम संपलेल्या पोस्ट करून (बदल डिफॉल्टमध्ये टाकून) काढून टाका, मग कम्प्रेस चालवा. एवढं शेड्यूलला लावलं की तक्ते आटोक्यात राहतात.

ब्रँचमध्ये हातचं काय जातं, तेही मांडा. तिथे प्रत्येक आवृत्ती थेट डिफॉल्टमधूनच निघते. आमच्याकडे कनिष्ठ अभियंत्याची आवृत्ती उपअभियंत्याच्या आवृत्तीखाली असते. उपअभियंता तपासतो, मगच काम वर जातं. ही उतरंड तिथे बसत नाही. डिफॉल्ट सोडून इतर ब्रँचमध्ये एका वेळी एकालाच बदल करता येतात. दुसऱ्या कार्यालयाशी दुतर्फा रेप्लिका (दोन्हीकडचे बदल एकमेकांना पोचवणारी प्रत) ठेवायची तरी पारंपरिकच लागतं. शिवाय सगळे बदल फीचर सर्व्हिसमधूनच, म्हणजे सर्व्हरवरच्या वेबसेवेतूनच, जाणार. म्हणजे पोर्टल आलं, सर्व्हर आला, त्यांचे परवाने आले आणि हे सांभाळणारा माणूस आला. तो माणूस लहान पालिकेने कुठून आणायचा?

क्यूजीआयएसकर

दोघांनाही विचारतो, यातलं खरंच किती लागतं? पाणी विभागातले बहुतेक बदल दहा मिनिटांचे असतात. व्हॉल्व्हची जागा सरकवली, वाहिनीचा व्यास दुरुस्त केला, नवी जोडणी टाकली. त्यासाठी वेगळी आवृत्ती कशाला? पोस्टजीआयएस या मोफत नकाशा-डेटाबेसमध्ये तक्ता ठेवा, ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणारा कोड) लावा, जुनी ओळ इतिहासाच्या तक्त्यात जाऊ द्या. कोणी, कधी, काय बदललं ते सगळं मिळतं. पैसा लागत नाही आणि नवीन आलेल्या माणसालाही एका दुपारी समजतं.

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला जगाचा नकाशा पाहा. लाखो लोकांनी त्यात बदल केलेत आणि तिथे ब्रँच नावाची गोष्टच नाही. प्रत्येक वस्तूला आवृत्ती क्रमांक असतो. तुम्ही जुन्या क्रमांकावर बदल पाठवलात, तर सर्व्हर ४०९ हा संघर्षाचा संकेत देऊन तो नाकारतो. २००९ मध्ये आलेल्या एपीआय (प्रोग्रॅमनी बदल पाठवायचं ठरलेलं दार) ०.६ वर ते आजही चालू आहे.

जलरेषा

ओपनस्ट्रीटमॅपचा दाखला मला मनापासून आवडतो, पण तो तुमच्याच मांडणीच्या विरुद्ध जातो. तिथे बदल पाठवणाऱ्याला ‘मी अमुक क्रमांकाची आवृत्ती पाहून हे बदललं’ असं सांगावंच लागतं. क्यूजीआयएस हे मोफत नकाशा-सॉफ्टवेअर थेट पोस्टजीआयएसला लिहितं तेव्हा फक्त बदललेले रकाने पाठवतं. वाचताना आवृत्ती क्रमांक काय होता, हे ट्रिगरला कळतच नाही. दोघांनी एकाच वाहिनीचा व्यास बदलला, तर नंतर सेव्ह करणाऱ्याचा आकडा राहतो आणि पहिल्याला पत्ता लागत नाही. तुमचा इतिहास तक्ता दोन्ही बदल इमानाने नोंदवेल, टक्कर मात्र पकडणार नाही. बरं, क्यूजीआयएसमध्ये ट्रान्झॅक्शन गट (बदल लगेच डेटाबेसकडे पाठवणारी सोय) चालू करावा, तर एकाने बदललेली ओळ तो सेव्ह करेपर्यंत कुलूपबंद राहते आणि दुसऱ्याचा पडदा अडकून बसतो.

रिकन्साइल या टकरीसाठीच आहे. तिथे दोन्ही किमती समोर येतात आणि माणूस निर्णय घेतो.

सर्व्हरखोली

इथे जलरेषाताईंशी पूर्ण सहमत. मात्र रिकन्साइलवरही डोळे झाकून विसंबू नका. एकाने वाहिनीचा तुकडा काढला आणि दुसऱ्याने त्याच तुकड्यावर नवा व्हॉल्व्ह बसवला. ओळी वेगळ्या, तक्ते वेगळे, त्यामुळे साध्या थरांत संघर्ष दिसत नाही. दोन्ही कामं पोस्ट होतात आणि व्हॉल्व्ह हवेत लटकतो. पाणी बंद करायच्या वेळी याच नकाशावरून कोणता व्हॉल्व्ह फिरवायचा ते ठरतं. युटिलिटी नेटवर्कमध्ये निदान बदललेला भाग ‘डर्टी’ (अजून न पडताळलेला) म्हणून खुणावला जातो आणि पडताळणीत जोडणीच्या नियमांत न बसणारी चूक उघडी पडते. बाकी ठिकाणी ही तपासणी आपणच लिहायची.

क्यूजीआयएसकर

ट्रिगरबद्दल बरोबर आहे, तो मुद्दा मान्य. टक्कर पकडायची तर लिखाण मध्ये एपीआय ठेवूनच व्हायला हवं. लटकत्या व्हॉल्व्हसाठी रोज पहाटे एक क्वेरी पुरते: ज्याच्या अर्ध्या मीटरमध्ये वाहिनी नाही, असा प्रत्येक व्हॉल्व्ह यादीत यावा.

खोदकाम

मी साइटवर काम करतो, डेटाबेसवाला नाही. तुमच्या सगळ्या पद्धती बदल संगणकात कधी भरला ते लिहून ठेवतात. वाहिनी मार्चमध्ये टाकली, नोंद ऑगस्टमध्ये झाली. ‘मे महिन्यात इथे काय होतं’ असं इतिहासाला विचारलं, तर वाहिनी नव्हतीच असं उत्तर येतं. गळतीचा पंचनामा करताना हे उत्तर घेऊन काय करायचं?

जलरेषा

खोदकाम, हा सगळ्यात मोलाचा प्रतिसाद आहे. काम प्रत्यक्ष झाल्याची तारीख वेगळ्या रकान्यात, भरल्याशिवाय सेव्हच होणार नाही अशी ठेवायला हवी. ती व्हर्जनिंगच्या कुठल्याच प्रकारातून आपोआप मिळत नाही.

उतरंडीवर मात्र मी हटत नाही. उपअभियंता कनिष्ठाची ब्रँच उघडून तपासू शकतो आणि डिफॉल्टला पोस्ट करायचा अधिकार त्याच्याकडेच ठेवता येतो. मध्ये आणखी एक आवृत्ती हवी कशाला?

सर्व्हरखोली

कारण आमच्या योजनेत एकाच टाकीच्या क्षेत्रात तीन कनिष्ठ अभियंते काम करतात, आणि त्यांचं काम डिफॉल्टला जाण्याआधी एकमेकांशी जुळलेलं उपअभियंत्याला एकत्र पाहायचं असतं. तीन वेगळ्या ब्रँचमध्ये ते एकत्र दिसणार कुठे?