‘जलसेतू’ नेमका कशाला म्हणायचा?

विचारणा (नागपूर):
पेंचच्या कालव्यांवरचं एक मराठी टिपण तपासतोय. कालवा आणि नाला एकमेकांना ओलांडतात तिथे सगळीकडे ‘जलसेतू’ लिहिलंय. हा पाण्यावरचा पूल की पाण्याचा पूल? आमच्या मौद्याकडे आपलं ‘नहराचा पूल’ म्हणून मोकळे होतात.

प्रतिसाद:
पाण्याचा. पण सरसकट नका लिहू भाऊ. आधी वर कोण, खाली कोण ते पाहा. नाल्याचा पूर कालव्याच्या तळाला न लागता खालून निघून जात असेल तर जलसेतू. पूर त्याहून वर चढत असेल तर नाल्याचा तळ खोल करून पाणी दाबाखाली पलीकडे काढतात. तो सायफन जलसेतू, साइटवर नुसतं ‘सायफन’. आणि नालाच वरून, कालवा खालून, असं असेल तर ‘सुपरपॅसेज’. या सगळ्यांना मिळून इंजिनिअर ‘सीडी वर्क’ म्हणजे ‘क्रॉस ड्रेनेज वर्क’ म्हणतात. (गाण्यांच्या सीडीशी संबंध नाही!)

विचारणारा:
पण सुपरपॅसेजवरून जाणारं नाल्याचंही पाणीच ना? मग तोही पाण्याचा पूलच झाला की!

प्रतिसाद:
पकडलंत. समासातून ते कळत नाही. वर कालवा हे निव्वळ रूढीने ठरलंय. वेगवेगळे प्रकार एकाच कालव्यावर बघायचे तर हरिद्वार ते रुरकी जा. १८५४ साली सुरू झालेल्या गंगा कालव्यावर रानीपूर आणि पथरी हे ओढे कालव्याच्या डोक्यावरून जातात, धनौरीला रतमऊ नदी समपातळीवर दारांमधून आरपार सोडलीय आणि सोलानी नदीवरून मात्र कालवाच पुलावर चढतो. जलसेतू तो एवढाच.

आणखी एक प्रतिसाद:
‘सेतू’कडेही बघा. ‘सि’ म्हणजे बांधणे, त्यावरून सेतू. संस्कृतात बांध, धरण हाही त्याचा अर्थ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर सिंचनाची बांधकामं सेतूच. तेव्हा शब्द रामायणातून उचलून आणलेला नाही, पाटबंधाऱ्याच्या घरचाच आहे. सुपरपॅसेजला ‘नालासेतू’ म्हटलं तर?

प्रतिसाद:
नको. लोक नाल्यावरचा रस्त्याचा पूल समजतील.

विचारणारा:
मग तिथे ‘नाला कालव्यावरून नेला आहे’ असं सरळच लिहितो. टिपणात तीन जागी जलसेतू होता, एका जागी उरला. ‘नहर’ मात्र लेखकाने खोडून ‘कालवा’ केलाय, तो गावकऱ्यांच्या बोलण्यात परत घालतोय.