कोरियन वेट लॉसचा काढा आणि अंबडची नोकरी, टायमिंग कसं बसवायचं?

सिडकोकर_ताई
नमस्कार, पुढच्या महिन्यात ट्रेनिंगसाठी सोलला चाललेय. तिथल्या ऑफिसातली मैत्रीण हानुइवॉनमधून, म्हणजे त्यांच्या पारंपरिक दवाखान्यातून, वजनाचा काढा घेते, चांगला फरक पडलाय तिला. मीही तपासून घेऊन पाऊच इकडे आणायचे म्हणतेय, पण ऑफिस नऊ ते सहा, अकराचा आणि चारचा चहा ठरलेला, सगळं कसं जमवायचं? कोणी केलंय का?

गोदाकाठ
ताई मी तिकडे असताना घेतलाय. पाऊच 100-120 मिलीचे असतात, पँट्रीत मगभर गरम पाण्यात पाऊच ठेवला की कोमट होतो, तो प्रश्नच नाही. फक्त दुपारी तीननंतर घेऊ नका, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, आणि चारचा चहा सोडाच. खरी गोची जेवणाची आहे, काढ्याने भूक मरते मग डबा तसाच परत येतो आणि सहाला सुटल्यावर सिटी सेंटर मॉलजवळ पाणीपुरी हाणली जाते. म्हणून भूक नसली तरी दीडला मटकीची उसळ, एक भाकरी आणि ताक घ्यायचंच.

वैद्य_पंचवटी
टायमिंग नंतर बघा, आधी काढ्यात काय आहे ते विचारा. तिकडच्या वजनाच्या काढ्यात बऱ्याचदा माह्वांग असतं, म्हणजे एफेड्रा. त्यातल्या एफेड्रिनने भूक मरते हे खरं, पण बीपी आणि ठोकेही वाढतात, गोदाकाठ यांची झोप त्यानेच उडाली असणार. अमेरिकेत एफेड्रावाल्या सप्लिमेंटवर 2004 मध्ये बंदी आली. कोरियात हानुइसा, म्हणजे तिथला पारंपरिक वैद्य, सहा वर्षं शिकलेला, लायसन्सवाला असतो, तो तब्येत बघून डोस कमीजास्त करतो, नाशिकला बसून ते कोण करणार? शिवाय एफेड्रिन आपल्याकडे नियंत्रित पदार्थ आहे, बॅगेतून आणायच्या भानगडीत पडूच नका. बीपी, थायरॉईड काही आहे का तुम्हाला?

सिडकोकर_ताई
थायरॉईडची गोळी चालू आहे रोज सकाळी. मग पाऊच आणायचं रद्द. तिथे असेपर्यंत नुसत्या सुया, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर, घेतल्या तर?

वैद्य_पंचवटी
चालेल, पण गोळीची चिठ्ठी सोबत न्या आणि काढा दिला तर माह्वांग आहे का हे स्पष्ट विचारा. जाण्याआधी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आणि बीपी बघून घ्या, धडधड होत असेल तर ईसीजीसुद्धा. नुसत्या सुयांनी वजन फार उतरेल असं मी सांगणार नाही, दीडचा डबा मात्र उद्यापासूनच सुरू करा.