मदत हवी आहे: मुलीच्या गोळ्या आज रात्रीपासून थांबवू का?

माझी मुलगी १६ वर्षांची आहे. पाळीत तिला फार अंगावरून जायचं. दर दोन तासांनी पॅड बदलायचं, पहिले दोन दिवस पोटाशी उशी धरून पडून राहायची. हिमोग्लोबिन ९ वर आलं तेव्हा डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्यांबरोबर गर्भनिरोधक गोळ्या दिल्या. २८ चं पाकीट, त्यातल्या शेवटच्या ७ बिनऔषधाच्या. नाव वाचून मी दचकले होते, पण दुसऱ्याच महिन्यात पाळी चार दिवसांत आटोपली आणि पोरगी हसतखेळत शाळेत गेली.

पाकिटातला कागद मात्र मी कालच नीट वाचला. अक्षरं इतकी बारीक की मोबाइलवर फोटो काढून मोठा करावा लागला. अर्धशिशी सुरू होण्याआधी डोळ्यांसमोर चमक दिसत असेल तर या गोळ्या घेऊ नयेत, असं त्यात होतं. मुलीला सहज विचारलं, तर म्हणाली, "म्हणजे त्या नागमोडी चमकत्या रेषा? त्या तर मला सातवीपासून दिसतात. आधी रेषा, मग अर्ध्या तासाने डोकं." तिला वाटायचं, सगळ्यांनाच असं होतं.

डॉक्टरांनी डोकेदुखीचं विचारलं होतं हो. "अभ्यासाने दुखतं कधीमधी," असं तिच्याऐवजी मीच सांगून मोकळी झाले. रात्रभर तेच डोक्यात आहे.

पुढची तपासणी आठवड्याने आहे. आज रात्री ९ ची गोळी देऊ का? मध्येच बंद केली तर अपाय होईल का? गेल्या आठवड्यात एक गोळी विसरली म्हणून तिने दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या, ते चाललं का? आणि या गोळ्यांनी पुढे मूल राहत नाही असं माझी जाऊ म्हणते, ते खरं आहे का?

प्रतिसाद: मी स्त्रीरोग विभागात नर्स आहे. ताई, आजची गोळी देऊ नका आणि आठवडाभर थांबू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. या पाकिटात इस्ट्रोजेन हे हार्मोन असतं. अशा रेषा दिसणाऱ्या अर्धशिशीत त्याने पक्षाघाताचा धोका वाढतो. या वयात तो फार क्वचित होतो, तरी दुसरे उपाय हाताशी असताना तो पत्करायचा कशाला? इस्ट्रोजेन नसलेल्या, नुसत्या प्रोजेस्टोजेन या दुसऱ्या हार्मोनच्या गोळ्या असतात, रक्तस्राव कमी करणारी ट्रानेक्झॅमिक आम्लाची गोळी असते. तिला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

मध्येच थांबवल्याने अपाय नाही. दोन-चार दिवसांत रक्तस्राव होईल, घाबरू नका. पण तासाला पॅड भिजू लागलं, हात-पाय किंवा तोंडाची एक बाजू बधिर झाली, बोलणं अडखळलं, छातीत दुखलं, धाप लागली किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर थेट दवाखाना गाठा.

मूल राहत नाही हे खोटं. गोळ्या थांबल्या की अंडाशय पुन्हा कामाला लागतात, बहुतेकींची पाळी काही आठवड्यांत पूर्ववत होते. एक गोळी विसरल्यावर आठवताच घेणं बरोबरच होतं, त्यासाठी एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त चुकल्या असत्या, तर पुढचे सलग ७ दिवस गर्भनिरोधासाठी त्या गोळ्यांवर विसंबता येत नाही.

आणखी एक, राग मानू नका. डॉक्टरांशी तिला थोडा वेळ एकटीला बोलू द्या. शरीरसंबंधाचा प्रश्न आई शेजारी बसलेली असताना मुली टाळतात. संबंध असतील, तर गोळी मध्येच थांबवल्यावर गर्भ राहू शकतो, म्हणून हे डॉक्टरांना कळायलाच हवं. लैंगिक आजारांपासून या गोळ्या वाचवत नाहीतच, त्यासाठी कंडोमच लागतो.

धागाकर्ती: राग कसला, उलट आभार. गोळी दिली नाही. फोन लागला, उद्या सकाळी ११ ला बोलावलंय. मी बाहेर बसेन. रेषा कशा दिसतात ते तिने वहीत काढून ठेवलंय, दाखवायला. लोहाच्या गोळ्या तरी चालू ठेवायच्या ना?

प्रतिसाद: हो, त्या चालू राहू द्या. वही मात्र विसरू नका.