जुनाट निद्रानाश: तपासणी कोणती करावी आणि उपचार कसे घ्यावेत?

गिरगावकर (प्रश्न):
गेले पाच-सहा महिने बहुतेक रोज रात्री अकराला अंथरुणावर पडून सकाळी सातला उठतो. पण झोप लागायला उशीर होतो, मध्येच जाग येते आणि प्रत्यक्ष झोप जेमतेम साडेपाच तासांची होते. डॉक्टरांनी झोपेसाठी दिलेल्या अल्प्राझोलाम या गोळीचा सुरुवातीला आलेला गुण आता उरलेला नाही. रात्रभर यंत्रे लावून करतात ती चाचणी करून घ्यावी का? शिवाय, झोप न आल्यास खोलीबाहेर जावे असे सांगतात. चाळीतल्या एका खोलीत चौघांनी राहायचे असताना ते कसे जमावे?

फिजिशियन, परळ:
झोपेला पुरेसा वेळ देऊनही आठवड्यातून किमान ३ रात्री आणि किमान ३ महिने झोप लागत किंवा टिकत नसेल आणि त्याचा दिवसाच्या कामावर परिणाम होत असेल, तर त्यास जुनाट निद्रानाश म्हणतात. हे निदान मुख्यतः रुग्णाला नीट प्रश्न विचारून आणि दोन आठवड्यांची झोपेची नोंदवही पाहून होते. मोठ्याने घोरणे किंवा झोपेत श्वास अडकणे अशी लक्षणे नसतील, तर पॉलिसोम्नोग्राफीचा, म्हणजे आपण विचारलेल्या रात्रभराच्या चाचणीचा, खर्च सहसा टाळता येतो. रात्री पाय सतत हलवावेसे वाटत असल्यास मात्र फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारा रक्तातील घटक) तपासावे आणि मन उदास राहत असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे. गोळी एकाएकी बंद करू नये. झोप आणखी उडते, क्वचित अपस्मारासारखे झटकेही येतात. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते.

मानसोपचारतज्ज्ञ, मुलुंड:
अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांसाठी पहिला उपचार म्हणून गोळीऐवजी निद्रानाशासाठीची सीबीटी, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलणारी उपचारपद्धती, सुचवली. तिचा गाभा ऐकायला उलटा वाटतो: अंथरुणातला वेळ वाढवायचा नाही, कमी करायचा. आपण आठ तास पडून साडेपाच तास झोपता, म्हणजे अंथरुणातल्या वेळापैकी सुमारे ६९ टक्केच झोप होते. उठण्याची वेळ सातच ठेवून रात्री दीडला झोपायला जावे. हे प्रमाण आठवडाभर ८५ टक्क्यांच्या वर राहिले की झोपण्याची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली कधीही नेऊ नये. अपस्मार किंवा बायपोलर आजार असेल, तर हा प्रयोग स्वतःहून करू नये, आणि पहिले काही आठवडे वाहन चालवणे टाळावे.
खोलीची चिंता नको. डोळा लागत नसेल तर गादीवरून उठून गॅलरीत खुर्ची टाकून बसावे आणि झोप आल्यावरच परतावे. सकाळी गादी गुंडाळून ठेवण्याची चाळीतली सवय येथे फायद्याचीच आहे, कारण दिवसा तिच्यावर लोळता येत नाही.

गिरगावकर:
आभारी आहे. बोरिवलीहून चर्नी रोडला परतताना लोकलमध्ये लागणारी डुलकी नोंदवहीत लिहायची का?

मानसोपचारतज्ज्ञ, मुलुंड:
अवश्य लिहावी आणि शक्यतो बंदही करावी. संध्याकाळची ती झोप रात्रीच्या झोपेतूनच वजा होते. बसायला जागा मिळाली तरी उभे राहावे, हा सल्ला मुंबईकराला पटणे कठीण आहे याची कल्पना आहे.