प्रीलोड फुल आवळला तरी पुढचा फोर्क हातात ठोकतोय, चुकतंय कुठे?

मातीवाट
मंडळी जरा डोकं लावा, माझं चालेनासं झालंय. अ‍ॅडव्हेंचर बाईक आहे, पुढे ४३ मिमीचा उलटा फोर्क (चमकणारी नळी खाली), ट्रॅव्हल म्हणजे दबायचं अंतर २०० मिमी, दोन्ही नळ्यांवर प्रीलोडचा म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवायचा नट, डाव्या नळीत कॉम्प्रेशनचा म्हणजे दबण्याचा वेग आवरणारा स्क्रू आणि उजव्या नळीत रिबाउंडचा म्हणजे परत वर येण्याचा वेग आवरणारा. माझं वजन जॅकेट बूट हेल्मेट धरून ९२ किलो, मागे दोन बॅगा कायम. त्रास असा की कच्च्या रस्त्यावर पहिले एक-दोन खड्डे गाडी मस्त गिळते पण ओळीने पाच-सहा आले की हँडल हातात ठोकायला लागतं, संध्याकाळी मनगटं चोळत बसावं लागतं. आणि पुढचा ब्रेक लावला की नाक खाली. नाक खाली घालते म्हणून कडक करूया म्हटलं आणि दोन्ही बाजूचा प्रीलोड शेवटपर्यंत आवळला, तर आता नवीनच, चाक खड्ड्यात उतरलं की फोर्कमधून टक् असा आवाज येतो. डॅम्पिंगमध्ये म्हणजे या दोन स्क्रूंमध्ये काही उद्योग केलेले नाहीत, मॅन्युअलमध्ये दोन्हीला १५ क्लिक (फिरवताना लागणारे खटके) लिहिलंय तेवढेच मोजून ठेवलेत. २६ हजार किमी झालेत, फोर्क ऑइल पहिल्यापासून तेच. आता जाड स्प्रिंग घेऊ, जाड ऑइल टाकू का दोन्ही?

गोटाटायर
सरळ १०डब्ल्यू म्हणजे जाड ऑइल टाक आणि मोकळा हो. माझ्या जुन्या गाडीत ५ काढून १० टाकलं होतं, नाक खाली जाणं निम्म्यावर आलं. स्प्रिंगच्या खर्चात पडू नकोस.

सॅगआधी
थांब रे, अजून काहीच विकत घेऊ नकोस. आधी प्रीलोडचं डोक्यातून काढूया कारण हा घोळ जवळपास प्रत्येकजण करतो, मीही दोन वर्षं केलाय. प्रीलोड आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंग मिमीला ५ न्यूटनची असेल तर नट कितीही फिरव ती ५ चीच राहते. १० मिमी प्रीलोड वाढवला की गाडी पुढून जवळपास १० मिमी वर उभी राहते, बास, तिथून खाली दाबायला दर मिमीला जोर तेवढाच लागतो. म्हणजे तू गाडी कडक नाही केलीस, उंच केलीस. आणि तो टक् आवाज त्याचाच. चाक खड्ड्यात उतरताना फोर्कला खाली लांब व्हायला जागा लागते, तू ती जागाच खाऊन टाकलीस त्यामुळे फोर्क पूर्ण उघडतो आणि आत वरच्या टोकाला आपटतो.

आता सॅग मोज, म्हणजे वजनाने फोर्क किती आत बसतो ते. एक माणूस गाडी सरळ धरायला, एक माप घ्यायला आणि वर तू, पूर्ण कपड्यांसकट आणि बॅगा भरून. आधी पुढचं चाक हवेत उचलून चमकणाऱ्या नळीचा जेवढा भाग दिसतो तो मोज, म्हणजे वर डस्ट सीलच्या कडेपासून खाली अ‍ॅक्सल धरणाऱ्या तुकड्यापर्यंत. मग गाडी जमिनीवर, तू न बसता, परत तेच माप. मग तू नेहमी चालवतोस तसा बसून किंवा उभा राहून. प्रत्येक वेळी एकदा पुढून दाबून हळूच सोडायची आणि माप घ्यायचं, एकदा उचलून हळूच बसू द्यायची आणि माप घ्यायचं, दोन्हीची सरासरी धरायची कारण सीलच्या घर्षणामुळे फोर्क मध्येच कुठेतरी अडकून बसतो आणि एकच माप घेतलं तर ते खोटं असतं. तुझ्यासारख्या २०० मिमीच्या फोर्कला तू बसल्यावर साधारण २५ ते ३० टक्के म्हणजे ५० ते ६० मिमी आत जायला हवा आणि नुसती गाडी उभी असताना साधारण २० ते ३० मिमी.

स्प्रिंग बदलायची का नाही हे पण याच मापांवरून कळतं. तुझ्यासकटचा आकडा बरोबर जुळवल्यावर नुसत्या गाडीचा आकडा अगदीच कमी, म्हणजे ५-१० मिमी, राहत असेल तर स्प्रिंग तुझ्या वजनाला मऊ आहे आणि तिला प्रीलोडने ताणून उभी केलीय. उलट नुसत्या गाडीलाच खूप आत जात असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक. पण हे जुळवल्यानंतर बघायचं, आत्ताच्या फुल आवळलेल्या अवस्थेत बघून काही निष्कर्ष काढू नकोस.

आणि एक सांग, ते १५ क्लिक कुठून मोजलेस?

मातीवाट
मापं घेतली. पूर्ण उघडा २०० धरला तर नुसती गाडी १४ मिमी आत, मी बसल्यावर ४१. क्लिक म्हणजे काय, स्क्रू पूर्ण उघडा केला आणि तिथून आवळत १५ मोजले. का?

सॅगआधी
हां, सापडला चोर. मॅन्युअलमधले क्लिक बंदपासून मोजतात. म्हणजे घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करायचा आणि तिथून उघडत १५. हलक्या हाताने हे महत्त्वाचं, आत सुईसारखं टोक असतं आणि ते जोराने दाबलं तर त्याची बैठक खराब होते. तुझ्या फोर्कला एकूण किती क्लिक आहेत?

मातीवाट
आत्ता मोजले, दोन्हीकडे २०.
अरे देवा. म्हणजे मी बंदपासून फक्त ५ वर चालवतोय.

सॅगआधी
अगदी. कंपनीने सांगितल्यापेक्षा दोन्ही डॅम्पिंग १० क्लिक जास्त आवळलेली. आणि आता तुझंच वाक्य परत वाच, पहिले एक-दोन खड्डे मस्त आणि पाचव्या-सहाव्याला ठोकतं. रिबाउंड फार आवळलेला असला की फोर्क दबल्यावर परत वर यायला उशीर लावतो, तो अर्धा वर येतोय तोवर पुढचा खड्डा, मग त्याहून थोडा खाली, मग त्याहून खाली, असं करत पाचव्या खड्ड्याला हातात ट्रॅव्हलच उरत नाही आणि सगळं हँडलमध्ये येतं. लोकांना वाटतं कडक झालाय, मऊ करायला हवा, खरं तर तो खाली अडकलेला असतो. मुक्कामाला मनगटं दुखतात म्हणून लोक ग्रिप बदलतात, हातमोजे बदलतात आणि एक छोटा स्क्रू तसाच राहतो.

आता एका वेळी एकच गोष्ट. आधी प्रीलोड १५ मिमीने सैल कर म्हणजे ४१ चे ५६ च्या आसपास होतील. तुझ्या नटाला एका फेऱ्यात किती मिमी हे आधी मोजून घे, सगळीकडे सारखं नसतं, आणि दोन्ही नळ्यांना फेरे सारखेच. मग रिबाउंड बंदपासून १५ वर. चालवून ये. तो पर्यंत कॉम्प्रेशनला हात नको.

गोटाटायर
पण ब्रेकला नाक खाली जाण्याचं काय, तो तर मुख्य त्रास होता त्याचा. प्रीलोड सैल केला की अजून खाली जाणार.

सॅगआधी
खाली उभी राहील म्हणून टोक खाली जाईल हे खरं, पण खाली जायचं अंतर वाढणार नाही, कारण ते अंतर स्प्रिंग आणि पुढे सरकणारं वजन ठरवतं. कॉम्प्रेशन डॅम्पिंग फक्त किती वेगाने जाईल हे ठरवतं. लांब जोरात ब्रेक धरलास तर शेवटी तो त्याच जागी जाऊन बसणार. २०० मिमीच्या फोर्ककडून रोड बाईकसारखं सपाट राहण्याची अपेक्षाच चूक, थोडं नाक खाली जाणारच, नाहीतर तेवढा ट्रॅव्हल घेऊन करायचं काय.

आणि १०डब्ल्यूबद्दल, तुझ्या जुन्या गाडीत चाललं असेल, त्यात बहुतेक साधा डॅम्पर रॉडचा फोर्क असणार, अ‍ॅडजस्टर नसलेला, तिथे ऑइल हाच एक स्क्रू असतो. अ‍ॅडजस्टर असलेल्या फोर्कमध्ये जाड ऑइल टाकलं की कॉम्प्रेशन आणि रिबाउंड दोन्ही एकदम जड होतात आणि याचा रोगच रिबाउंड जड असण्याचा आहे. शिवाय डब्ल्यूचा आकडा दोन कंपन्यांचा जुळतोच असं नाही, डब्यावर ४० अंशांना किती सेंटिस्टोक (जाडीचं खरं माप) लिहिलंय ते बघायचं. २६ हजारला ऑइल बदलायला हवंच, पण मॅन्युअलमध्ये सांगितलेलं तेच टाक, पातळी मोजून.

गोटाटायर
हो डॅम्पर रॉडचाच होता. मान्य.

उघडीचेन
सॅगआधींनी सगळं सांगितलंच आहे, दोन गोष्टी राहिल्यात. मागचा शॉकअप कुणी विचारलाच नाही. दोन बॅगा आणि मागचा प्रीलोड कंपनीच्या सेटिंगवर असेल तर गाडी मागून बसते, पुढचं टोक वर येतं, फोर्कचा कोन सपाट होतो आणि पुढचं चाक हलकं लागतं, वळणात बाहेर जाते. पुढे मोजायच्या आधी मागचं सॅग बॅगांसकट जुळवून घे नाहीतर पुढची सगळी मापं परत घ्यावी लागतील.

दुसरं, २६ हजारात कधीतरी पुढचं चाक काढलं असशीलच. चाक परत बसवताना दोन्ही बाजूंचे पिंच बोल्ट, म्हणजे फोर्कच्या तळाशी अ‍ॅक्सल पकडून ठेवणारे, लगेच आवळले तर फोर्कचे दोन पाय एकमेकांना किंचित पिरगळतात आणि नळी आत-बाहेर होताना घासते. अ‍ॅक्सल आवळ, पण ज्या बाजूने अ‍ॅक्सल सरकतो तिकडचे पिंच बोल्ट सैल ठेव, गाडी स्टँडवरून उतरवून ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा जोरात दाब, नळ्या आपोआप जागेवर येतात, मग ते आवळ. मी एकदा दोन महिने क्लिक फिरवत बसलो होतो आणि दोष या बोल्टांचा निघाला, अजूनही आठवलं की चिडचिड होते.

आणि टायरमधली हवा, सगळ्यात आधी, कायम. जास्त हवा असेल तर छोटे दगड सगळे फोर्कच्या नावावर जमा होतात.

पहिलागिअर
मधेच विचारतो, माझ्या फोर्कला एकही स्क्रू नाही, नुसता बंद. मला यातलं काही करता येतं का?

उघडीचेन
येतं की. सॅग मोजता येतं, आत स्प्रिंगसोबत बसवलेल्या स्पेसरच्या तुकड्याची लांबी बदलून प्रीलोड बदलतो, आणि ऑइलची पातळी काही मिमी वाढवली की वरची हवेची जागा कमी होते त्यामुळे शेवटच्या भागात फोर्क जास्त विरोध करतो आणि तळाला आपटत नाही. सुरुवातीच्या भागात फारसा फरक पडत नाही म्हणून हा उपाय मला आवडतो. पातळी मात्र स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून मोजायची. नळ्या त्यांना हँडलजवळ धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये वर सरकवून पुढची उंचीही बदलते, ५ मिमी सुद्धा वळताना जाणवतात, पण दोन्ही बाजूंना सारखंच, आणि पूर्ण दबल्यावर टायर कुठे लागत नाही ना ते बघून.

मातीवाट
उशीर झाला, पण नीट करूनच लिहायचं होतं.

मागून सुरुवात केली, बॅगांसकट मागचा प्रीलोड बराच वाढवावा लागला. पिंच बोल्ट सैल करून दाबून परत आवळले, खरंच थोडे पिरगळलेले होते बहुतेक कारण त्यानंतर फोर्क हाताने दाबताना सुरुवातीची अडक कमी झाली. मग पुढचा प्रीलोड सैल, आता नुसती गाडी २८ आणि मी बसल्यावर ५५. टक् आवाज त्याच दिवशी गेला. मग रिबाउंड बंदपासून १५, तोच कच्चा रस्ता, तोच वेग, आणि पाचवा खड्डा पहिल्यासारखाच लागला, विश्वास बसला नाही म्हणून परत फिरून दुसऱ्यांदा गेलो. १७ करून बघितलं तर पुढचं टोक उड्या मारायला लागलं, सुट्या दगडात चाक टिकत नव्हतं, म्हणून १४ वर आणून थांबलो.

कॉम्प्रेशन शेवटी. १५ वर छोटे दगड जाणवेनासे झाले पण ब्रेकला नाक फारच पटकन जात होतं, १२ वर बरं आहे. खाली जाते अजूनही, पण झोकांडी खाऊन नाही. फोर्क किती मिमी दबला ते कळायला नळीला एक झिप टाय बांधून ठेवलाय, आधी फार तर १५० पर्यंत सरकायचा आणि तरी हात दुखायचे, आता सगळ्यात वाईट पट्ट्यात १८३ पर्यंत गेला आणि हातात काही आलं नाही. ऑइल पुढच्या आठवड्यात. स्प्रिंग तीच राहतेय.

एकच शंका, बॅगा काढून एकटा फिरलो तर हे सगळं परत करायचं का?

सॅगआधी
१८३ म्हणजे छान, शेवटचे १५-२० मिमी मोठ्या आदळण्यासाठी शिल्लक राहिलेले बरे. बॅगा काढल्यास की फक्त मागचा प्रीलोड कमी कर, पुढे हात लावू नकोस, बॅगांचं वजन बहुतेक मागेच असतं. मागे रिबाउंडचा स्क्रू असेल तर तिथेही एक-दोन क्लिक उघड. दोन्ही अवस्थांचे आकडे सीटच्या खाली चिठ्ठीवर लिहून चिकटव, आणि चिठ्ठीवर "बंदपासून" हे मोठ्या अक्षरात.

मातीवाट
लिहिलं, लाल पेनने.